शेवग्याचा पाला ब्रॉयलरच्या खाद्यात : पोटभरीला की तोंडी लावायला?

शिरूर तालुक्यातून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपले ५,००० पक्ष्यांचे शेड पूर्वी कंपनीच्या करारावर चालत होते; गेल्या दोन बॅचपासून आपण पिल्ले रोखीने घेता आणि मका, सोयापेंड, प्रिमिक्स (जीवनसत्त्वे-खनिजांचे तयार मिश्रण) आणून खाद्य स्वतःच भरडता. सोयापेंडीच्या भावाने बजेट कोलमडले आहे आणि बांधावर शेवग्याची ४० झाडे उभी आहेत. तेव्हा शेवग्याच्या वाळल्या पाल्याची भुकटी १० टक्के मिसळून तेवढी सोयापेंड कमी करावी आणि पाला औषधी असल्याने अँटिबायोटिकही बंद करावे, हे जमेल का? जोडीला सुबाभूळ आणि कडुनिंब चालतील का, हेही आपण विचारले आहे.

मी पशुवैद्यक आहे आणि हवेली, दौंड, शिरूर, मुळशी या पट्ट्यातील ब्रॉयलर शेडवर वीसहून अधिक वर्षे काम करतो. या काळात पाल्याचा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतेच, आणि बहुतेक वेळा त्यात आपल्या प्रश्नासारखीच एक गाठ असते. एकाच पाल्याकडून आपण दोन कामांची अपेक्षा करतो आहोत. सोयापेंडीची जागा घ्यायची तर पाला भरपूर घालावा लागतो; आतड्याला मदत व्हावी म्हणून वनस्पती वापरायची तर ती चिमूटभरच लागते. पहिल्या कामाचे प्रमाण ब्रॉयलरला सोसत नाही आणि दुसऱ्या कामाच्या प्रमाणात सोयापेंडीची बचत होत नाही. म्हणून माझे उत्तर असे की १० टक्के घालू नये. १ टक्का, फार तर २ टक्के, तेही पक्षी १४ दिवसांचे झाल्यावर घालण्यास हरकत नाही. आणि अँटिबायोटिकचा निर्णय पाल्यावर अवलंबून ठेवू नये. यामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण नुसते आकडे पाठ करून उपयोग नाही.

आधी प्रथिनांचा हिशेब पाहू. आपण ज्या व्हिडिओचा उल्लेख केला आहे त्यातील '२७ टक्के प्रथिने' हा आकडा खोटा नाही. देठ काढून सावलीत वाळवलेल्या शेवग्याच्या पानांत साधारण २५ ते ३० टक्के प्रथिने असतात. मात्र हा आकडा वाळल्या भुकटीचा आहे. ओल्या पानात तो ६-७ टक्क्यांवर येतो, कारण बाकीचे बहुतेक पाणीच असते. सोयापेंडीत प्रथिने ४५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर १०० किलो स्टार्टरमधून (सुरुवातीच्या आठवड्यांतले खाद्य; नंतरचे ते फिनिशर) १० किलो सोयापेंड काढताना आपण साडेचार किलो प्रथिने काढतो आणि १० किलो भुकटी घालून त्यातली २.७ किलोच परत देतो. म्हणजे २२ टक्के प्रथिनांचे स्टार्टर २० टक्क्यांच्या जवळ येते. नावाला स्टार्टर आणि अंगाने फिनिशर. भारतीय मानक ब्युरोच्या मानकात ब्रॉयलर स्टार्टरला किमान २२ टक्के आणि फिनिशरला २० टक्के प्रथिने सांगितली आहेत, हे लक्षात घेतले तर तिसऱ्या आठवड्यातल्या पक्ष्याच्या पुढ्यात आपण काय टाकतो आहोत ते कळेल. शिवाय सर्व प्रथिने सारखी पचत नाहीत. पाल्यातील काही प्रथिने पेशींच्या तंतुमय भिंतीत अडकलेली असतात आणि लायसीन या आवश्यक अमिनो आम्लाच्या बाबतीत सोयापेंड पाल्याच्या कितीतरी पुढे आहे. मिथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल तर आपण सोयापेंड वापरतानाही बाहेरून घालतोच.

ऊर्जेची गोष्ट याहून नाजूक आहे. मक्यात किलोमागे सुमारे ३,३०० किलोकॅलरी मिळतात. पाल्यात त्या २,००० च्या आतबाहेर धराव्यात. सोयापेंड कमी न करता तयार खाद्यावर वरून पाला टाकला, तरी हा फरक दिसतो. ३,१०० किलोकॅलरीच्या १०० किलो खाद्यात १ किलो भुकटी मिसळली तर किलोमागे दहा-अकरा किलोकॅलरी घटतात, त्या पक्ष्याला जाणवतही नाहीत. ५ किलो मिसळली तर पन्नासेक घटतात आणि १० किलो मिसळली तर १००. ऊर्जा घटली की पक्षी ती भरून काढण्यासाठी अधिक खातो आणि एफसीआर (एक किलो वजनामागे लागणारे खाद्य) चढतो. गाय-म्हशीला पाला पचवायला रवंथाचे पोट असते. ब्रॉयलरचे आतडे आखूड असते, खाद्य त्यातून काही तासांतच पुढे सरकते आणि तंतू पचवण्याची त्याची ताकद फारच थोडी असते. पस्तीस-अडतीस दिवसांत ४० ग्रॅमचे पिल्लू दोन किलोंच्या पुढे न्यायचे असते. एवढ्या घाईच्या प्रवासात पोटातली जागा ही सगळ्यांत महाग वस्तू असते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी दौंडकडच्या एका शेडवर मालकाच्या आग्रहाला मान देऊन मी ८ टक्क्यांना होकार दिला होता. पक्षी वरून झकास दिसत होते, पाय पिवळेधमक होते आणि मालक खूश होता. चौथ्या आठवड्यात वजने घेतली तेव्हा पक्षी मागे पडलेले निघाले आणि गादी (जमिनीवरचा तुसाचा थर) जागोजागी ओली झालेली होती. फीडरमध्ये हात घातला तेव्हा कारण बोटांनाच लागले : मक्याचा भरडा पक्ष्यांनी वरच्यावर टिपून खाल्लेला आणि तळाशी बोटभर हिरवी पूड दबून बसलेली. दोन मागे पडलेले पक्षी कापून पाहिले. गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, पानांच्या शिरांचा आणि काड्यांचा, नारळाच्या काथ्यासारखा पिळा बसला होता. चौकशी केल्यावर कळले की पाला फांद्यांसकट कडबाकुट्टीतून काढला होता. मालकाला दोष देण्यात अर्थ नव्हता. पाला कसा काढायचा हे मी सांगितलेच नव्हते.

तेव्हा आपल्याला ते सांगतो. शेवग्याच्या कोवळ्या फांद्या सकाळी दव उडून गेल्यावर तोडाव्यात, धुऊन निथळाव्यात आणि सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी उलट्या टांगाव्यात. दीड-दोन दिवसांत पाने सैल होतात आणि फांदी कापडावर झटकली की बारीक पाने आपोआप गळतात. दांडे हातात राहतात, ते शेळ्यांना घालावेत. गळलेली पाने पुन्हा पातळ थरात पसरून, मुठीत चुरली असता कुरकुरीत तुटेपर्यंत वाळवावीत. उन्हात वाळवली तर काम लवकर होते, पण रंग उडतो आणि त्या रंगाबरोबर कॅरोटीनही जाते. दळताना चाळणी बारीक ठेवावी, मात्र अगदी पिठासारखी पूड करू नये. तिची धूळ पक्ष्यांच्या नाकात जाते आणि खाद्यातही ती वेगळी होऊन तळाशी बसते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या भागातही हवा दमट असते आणि मुळशी-भोरकडे तर विचारायलाच नको. त्या महिन्यांत घरगुती वाळवण मी टाळायलाच सांगतो. बुरशी आलेला पाला खाद्यात जाण्यापेक्षा पाला नसलेला बरा, कारण बुरशीची विषे यकृतावर आणि प्रतिकारशक्तीवर घाव घालतात आणि मग लसीकरणाचाही हवा तसा परिणाम मिळत नाही. आणखी एक गोष्ट पाहावी : बांधाच्या पलीकडे द्राक्षबाग किंवा भाजीपाला असेल आणि तिथे फवारणी चालू असेल, तर त्या बाजूची झाडे वगळावीत.

आता ४० झाडांचे गणित मांडू. एका पक्ष्याला विक्रीपर्यंत साधारण ३.४ किलो खाद्य धरले तर आपल्या बॅचला १७ टन खाद्य लागते. त्याच्या १० टक्के म्हणजे १.७ टन वाळली भुकटी. एक किलो भुकटीसाठी साडेचार ते पाच किलो ओली, दांडे काढलेली पाने लागतात. म्हणजे एका बॅचला आठ टनांच्या आसपास ओला पाला, आणि वर्षात अशा पाच-सहा बॅचेस. झाडे उघडी-बोडकी केली तरी ४० झाडांतून एवढा पाला निघणार नाही, आणि शेंगांचे उत्पन्न बुडेल ते वेगळेच. याउलट १४ दिवसांनंतरच्या, सुमारे साडेचौदा टन खाद्यात १ टक्का घालायचा तर १४५ किलो भुकटी पुरते. ही मजल छाटणीचे वेळापत्रक नीट आखले तर आवाक्यातली आहे. मजुरी मात्र कागदावर मांडावी. घरची माणसे पाने झटकतात म्हणून ती फुकट, असे धरले की कोणताही उद्योग नफ्यातच दिसतो. बाजारातली तयार शेवगा भुकटी माणसांसाठी विकली जाते आणि तिचा किलोचा दर सोयापेंडीच्या कित्येक पट असतो, त्यामुळे ती विकत आणून पक्ष्यांना घालण्याचा विचारच करू नये. उलट आपली भुकटी चांगली निघत असेल, तर ती विकून सोयापेंड आणणे जास्त शहाणपणाचे ठरेल.

सुबाभळीचे उत्तर शेवग्यापेक्षा वेगळे आहे. उरुळी कांचनला १९६७ साली मणिभाई देसाई यांनी सुरू केलेल्या बाएफ या संस्थेने सुबाभळीचा मोठा प्रसार केला आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी ते झाड खरोखरच उपयोगी पडले, त्यामुळे आपल्या भागात तिच्याविषयी आपुलकी आहे. परंतु तिच्या पाल्यात मिमोसीन नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात त्याचा निचरा करणारे जिवाणू असू शकतात, कोंबडीच्या पोटात ती सोय नाही. तिची वाढ खुंटते. पाला भिजवून, वाळवून मिमोसीन कमी करता येते, तरी माझ्या देखरेखीखालच्या ब्रॉयलरला मी सुबाभूळ देत नाही. कडुनिंबाचे पान कडू आहे आणि प्रमाण वाढले की पक्षी खाद्य कमी खातो. अर्ध्या टक्क्याच्या पुढे मी जात नाही आणि निंबोळीची पेंड तर ब्रॉयलरच्या आसपासही फिरकू देत नाही. लसूणघासाची भुकटी एखाद-दोन टक्के चालते, त्यापुढे तिच्यातले सॅपोनिन आड येते. बाभळीच्या पाल्यात टॅनिन भरपूर असते आणि ते प्रथिनांना बांधून ठेवते, म्हणून तो शेळ्यांसाठीच ठेवावा.

एक इशारा मुद्दाम वेगळा देतो, कारण नावाच्या सारखेपणाने घोटाळा झालेला मी पाहिला आहे. जुन्या पानमळ्यांत वेलींच्या आधाराला शेवगा, शेवरी, हादगा आणि पांगारा अशी झाडे शेजारी शेजारी लावलेली असत आणि काही मळ्यांच्या बांधांवर ती आजही आहेत. शेवरी म्हणजे शेवगा नव्हे. शेवरीचा पाला पिल्लांना घातक आहे. वाढ खुंटते आणि प्रमाण जास्त झाले तर पिल्ले मरतातही. मजुराला 'शेवग्याचा पाला काढून ठेव' एवढे सांगून निघून जाऊ नये, झाड दाखवून द्यावे.

अँटिबायोटिकविषयी आपला हेतू योग्य आहे आणि त्याबद्दल मला आनंद वाटला. वाढीसाठी खाद्यातून अँटिबायोटिक देण्याची पद्धत युरोपीय संघाने २००६ पासून बंद केली आणि आपल्याकडे २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत, पोल्ट्रीतही, कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली. तेव्हा निरोगी पक्ष्यांना सवयीने दिले जाणारे अँटिबायोटिक थांबवावेच. पण ते थांबवून त्या जागी पाला ठेवला म्हणजे काम झाले, असे होत नाही. शेवग्यातील फ्लॅव्होनॉइडसारखी द्रव्ये आतड्याला आणि शरीराच्या प्रतिकाराला थोडीफार मदत करू शकतात. तरी या मदतीचे परिणाम शेडगणिक बदलतात, आणि स्वच्छ, मोकळ्या शेडमध्ये तर फरक दिसतच नाही असेही होते. अँटिबायोटिक जी पोकळी सोडते ती बऱ्याच अंशी कोरडी गादी, शुद्ध पाणी, दोन बॅचमध्ये किमान पंधरा दिवसांची मोकळीक आणि ब्रुडिंगच्या (पिल्लांना ऊब देण्याच्या) पहिल्या आठवड्यातली ऊब यांनी भरते. सकाळी गादीतला तूस मुठीत घेऊन दाबावा. मूठ उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला तर ती गादी ओली आहे आणि तिथे कोणताही पाला उपयोगाचा नाही. कॉक्सिडिओसिस (रक्ती हगवण करणारा आतड्याचा परजीवी रोग) रोखण्यासाठी प्रिमिक्समधून येणारे औषध हा वेगळा विषय आहे. ते पाल्याच्या भरवशावर काढून टाकू नये. रक्ती हगवण सुरू झाल्यावर कडुनिंबाचा काढा पाजत बसलेले आणि त्यात दोन दिवस घालवलेले शेड मी पाहिले आहे. ते दोन दिवसच महाग पडतात.

पाल्याचा रस किंवा काढा पाण्यातून देण्याची सूचनाही कोणीतरी आपल्याला केलेली दिसते. निपल ड्रिंकर (चोच लावली की थेंब सोडणाऱ्या पाण्याच्या तोट्या) असतील तर तसे करू नये. गाळ निपलमध्ये अडकतो आणि पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो, जो पुढच्या दोन बॅचेस त्रास देतो. लासोटा (राणीखेत रोगाची) किंवा गंबोरो रोगाची लस पाण्यातून देण्याच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी तर पाण्यात लसीसोबतच्या दूध भुकटीखेरीज काहीच नसावे.

आता परिस्थितीनुसार काय बदलते ते पाहू. आपण पुन्हा करारावर गेलात तर हा सारा विचार बाजूला ठेवावा. खाद्य कंपनीचे असते, एफसीआर तिच्या हिशेबाने मोजला जातो आणि ग्रोइंग चार्जही (पक्षी वाढवण्याचा आपला मोबदला) त्यावर ठरतो, त्यामुळे विचारल्याशिवाय त्यात काही मिसळणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे आहे. तयार क्रम्बल किंवा पेलेट, म्हणजे दाबून दाणेदार केलेले खाद्य वापरत असाल तर वरून टाकलेली पूड दाण्याला चिकटत नाही आणि तळाशी साचते. आपण मॅश (सुटे भरड खाद्य) भरडता, म्हणून हे उत्तर लागू पडते. तरी भुकटी थेट मिक्सरमध्ये ओतू नये, आधी पाच-दहा किलो मक्याच्या भरड्यात हाताने कालवून मग घालावी, आणि सूत्रात तेल असेल तर ते शेवटी टाकावे, म्हणजे पूड धरून राहते. पक्षी कोणता, यावरही बरेच अवलंबून आहे. परसातल्या गावरान किंवा गिरिराज, वनराज यांसारख्या सावकाश वाढणाऱ्या कोंबड्या पाला सहज खपवून घेतात, त्यांना घाई नसते. पायाच्या पिवळ्या रंगाने जिवंत पक्षी घेणारा व्यापारी खूश होतो हे खरे, मात्र पुण्यात चिकन बहुतेक ठिकाणी कातडे सोलूनच विकतात, तेव्हा कातडीच्या रंगाला दुकानात कोणी जास्तीचा रुपया मोजत नाही.

शेवटी, माझ्यावरही विश्वास ठेवू नये. आपल्याच शेडमध्ये पाहावे. पंधराव्या दिवशी शेडच्या मधल्या भागात जाळी लावून २०० पक्ष्यांचे दोन खण करावेत, पक्षी पकडताना हाताला येतील तसे घ्यावेत, मोठे एकीकडे आणि बारके दुसरीकडे असे होऊ देऊ नये. एका खणाला नेहमीचे खाद्य आणि दुसऱ्याला तेच खाद्य अधिक १ टक्का भुकटी द्यावी. दोन्ही खणांचे खाद्य रोज वेगळे तोलून लिहावे, मरतूक लिहावी, आणि दर आठवड्याला प्रत्येक खणातील ५० पक्षी, सकाळी खाद्य टाकण्यापूर्वी, एकाच काट्यावर तोलावेत. शेवटी एफसीआरमध्ये दुसऱ्या दशांशाचा, म्हणजे ०.०१-०.०२ चा फरक दिसला तर तो पाल्याचा मानू नये. तेवढा फरक काटा आणि जागाही दाखवतात. फरक त्याहून मोठा असला, तरी पुढच्या बॅचला खणांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करावा, कारण पंख्याजवळचा खण आणि दुपारी उन्हाची तिरीप येणारा खण यांत पक्षी मुळातच सारखे वाढत नाहीत. दोन्ही वेळच्या नोंदी मला पाठवल्यात, तर २ टक्क्यांपर्यंत जावे की नाही ते त्या आकड्यांवरून सांगता येईल.